चहाच्या रंगाचा बनियन

धाकट्याचा एक बनियन मी अजून टाकलेला नाही. मूळचा तो पांढरा. आता त्याचा रंग कोणता हे सांगणं अवघड, पण दूध कमी पडलेल्या चहाच्या जवळपास जाणारा. जांभ्याच्या मातीत लोखंड असतं, म्हणून ती लाल. सुती कापडात ती एकदा शिरली की साबण, सोडा, लिंबू, ऊन सगळे हात टेकतात. मीही टेकले. जुने कपडे बोहारणीला द्यायची वेळ आली की हा बनियन दर वेळी गठ्ठ्यात जातो आणि गाठ मारायच्या आधी परत बाहेर येतो. आता तो धाकट्याच्या दंडालाही व्हायचा नाही.

सासऱ्यांच्या आजारपणातला आहे तो.

जुलै महिना होता. आमचं गाव कुडाळजवळ, आम्ही राहायला पुण्यात. पहाटे साडेपाचला जाऊबाईंचा फोन आला: आप्पा न्हाणीपाशी पडलेत, उजवा हात उचलत नाहीत, बोलत नाहीत. अर्धांगवायूत मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, हे आम्हाला नंतर कळलं. आणि आप्पांना नेमकं कधी झालं हेच कोणाला सांगता येत नव्हतं. रात्री दहाला आडवे झाले तेव्हा धड होते, एवढंच सासूबाईंना ठाऊक. मधल्या तासांचा हिशोब कोणाकडेच नव्हता. १०८ची गाडी आली, आधी कुडाळ झालं, मग बांबोळी, म्हणजे गोव्यातलं मोठं सरकारी इस्पितळ. सिंधुदुर्गात ‘बांबोळीक न्हेलो’ एवढं म्हटलं की ऐकणारा पुढचं विचारत नाही, फक्त चपला काढून पडवीत टेकतो.

आम्ही आंबोली घाटातून उतरून रात्री घरी पोचलो. नवरा पहाटे गोव्याला गेला, सोबत चुलत दीर. सासूबाईंच्या गुडघ्यांना वॉर्डातलं बाकडं झेपण्यासारखं नव्हतं, म्हणून त्या घरी. त्यांच्यासोबत मी, आणि माझी दोन: थोरली नऊ वर्षांची, धाकटा पाच.

पहिले तीन दिवस मी मुलांना काय काय सांगितलं ते मला अजून पाठ आहे. हळू बोला. धावू नका. हसू नका, लोक आलेत. पाय धुऊन या. आजीजवळ बसा. आजीला त्रास देऊ नका. (जवळ बसायचं पण त्रास द्यायचा नाही, म्हणजे नेमकं काय करायचं हे नऊ वर्षांच्या मुलीला तरी कसं कळावं?) आणि सगळ्यात जास्त वेळा: आवाज करू नका, आजोबांना बरं नाही.

आजोबा दोन-अडीच तासांच्या अंतरावर, दुसऱ्या राज्यात, नळ्या लावून पडलेले. पोरांचा आवाज त्यांना कसा पोचणार होता? हा प्रश्न मला नाही पडला. धाकट्याला पडला. ‘आजोबा इथे नाहीयेत ना, मग कोण उठेल?’ मी म्हटलं, ‘उलट बोलू नकोस.’

घरात माणसांची रीघ होती. आलेलं प्रत्येक माणूस सासूबाईंच्या समोर बसायचं, तीच कहाणी पुन्हा ऐकायचं, ‘चच्’ करायचं, आणि मग आपल्या ओळखीतल्या कोणाला असंच कसं झालं होतं आणि पुढे काय झालं ते सांगायचं. पोरं खांबाला टेकून सगळं ऐकत. तिसऱ्या दिवशी थोरलीने मला आत बोलावून विचारलं, ‘आजोबा मरणार का?’ मी तेच केलं जे माझ्या आईने केलं असतं. ‘शुभ बोल गं,’ म्हणाले आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिने तो हात बाजूला केला नाही, पण तिला उत्तर मिळालं नव्हतं हे आम्हा दोघींनाही कळलं. त्या रात्री धाकट्याने अंथरूण ओलं केलं. दोन वर्षांपूर्वी सुटलेली सवय. चौथ्या दिवशी मी दोघांच्या हातात मोबाइल दिला आणि दार लोटून घेतलं. घर शांत झालं. मला तेव्हा ते बरंही वाटलं.

आमच्या घरात मोबाइलला रेंज नसते. विहिरीपलीकडे, मेरेच्या म्हणजे शेताच्या बांधाच्या टोकाला, एका ठरावीक फणसाखाली दोन कांड्या येतात. बांबोळीचा फोन तिथे उभं राहून घ्यायचा. पाचव्या दिवशी सकाळी पावसाने जरा उघडीप दिली होती आणि मी फणसाखाली उभी राहून नवऱ्याचं ऐकत होते. रात्रीची साखर किती, बीपी किती, नाकातल्या नळीतून काय दिलं, डॉक्टर राउंडला किती वाजता येणार. सगळं आकड्यांत. आकडे सांगताना त्याचा आवाज धड राहायचा, म्हणून तो आकडेच सांगायचा.

तेवढ्यात माझं लक्ष खाली कुणग्याकडे, भातशेताच्या तुकड्याकडे गेलं.

आदल्या दिवशी त्या कुणग्यात पॉवर टिलर फिरला होता. चिखलणी झालेला कुणगा ज्यांनी पाहिला नसेल त्यांना सांगते: ताकासारखं पातळ पाणी वर, आणि खाली गुडघाभर मऊ, राखी, लोण्यासारखा चिखल. अंगणातली माती लाल, पण शेतातला हा गाळ वर्षानुवर्षं पाणी पिऊन काळपट झालेला. त्याच्या मधोमध माझा मुलगा उभा होता. बनियन आणि चड्डी. डावा पाय चिखलात रुतलेला, आणि तो दोन्ही हातांनी स्वतःचाच गुडघा धरून वर ओढत होता. पाय सुटला तसा ‘फस्सक्’ असा एक अत्यंत असभ्य आवाज आला. तो मागे बसला, आणि हसला. पाच दिवसांत त्या घराच्या आसपास कोणी मोठ्याने हसलेलं मी ऐकलं नव्हतं. थोरली मेरेवर पालथी पडून बोटाने पाण्याला वाट करून देत होती. तिच्या वेणीचं टोक चिखलात बुडालेलं.

माझं तोंड ओरडायला उघडलंच. ते आपोआप उघडतं. माझी आई बालवाडीशिक्षिका. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांना देवाच्या जागी मानणारी. १९४५ साली बोर्डीला सुरू झालेलं आणि पुढे कोसबाडला गेलेलं ते काम, पाड्यावरच्या अंगणातच मुलांना गोळा करून भरवलेली अंगणवाडी, विकतच्या खेळण्यांच्या जागी शिंपले, बिया, खडे, पानं, हे सगळं मी तिच्या तोंडून लहानपणी इतक्यांदा ऐकलं की रामायणासारखं पाठ झालं. चाळीस पोरांच्या हातात ती रोज मातीचे गोळे द्यायची. आणि घरी मी अंगणात फतकल मारून बसले की, ‘फ्रॉक! फ्रॉक बघ तो!’ तर ते ‘फ्रॉक’ माझ्याही घशात तयार असतं.

पण कानाला फोन होता. नवरा सांगत होता की आप्पांनी आज डोळे उघडले, पण ओळख दाखवली की नाही ते नक्की सांगता येत नाही. ते ऐकताना ओरडता येईना. फोन संपला तेव्हा ओरडण्याची वेळ निघून गेली होती. बास, एवढंच झालं. बालमानसशास्त्र कळणाऱ्या शहाण्या आईने विचारपूर्वक पोरांना मातीत सोडलं, असं काही घडलेलं नाही. मी थकले होते आणि मला रेंज सोडवत नव्हती.

शेजारच्या काकी इरलं पाठीवर टाकून तिथूनच चालल्या होत्या. माझ्या चेहऱ्याकडे बघून थांबल्या. ‘आरडतस कित्याक? खेळांदेत. घरात ऱ्हवान काय करतली पोरां? आमची सुतकी तोंडां बघतली?’

मी काही ओरडलेच नव्हते. पण काकींना ते दिसलं होतं.

मग मी मेरेवर बसले. उगाच. घरात जाऊन पुन्हा पहिल्यापासून कहाणी ऐकायची ताकद नव्हती म्हणून.

मुलं चिखलात काय करतात, हे आपण कधी अर्धा तास सलग बघत नाही. आपण येतो, ‘ई’ म्हणतो, उचलतो. मी त्या दिवशी पाहिलं. पहिली पंधरा मिनिटं ती दोघं काहीच ‘खेळत’ नव्हती. नुसते पाय घालत होती आणि काढत होती. दहा-बारा वेळा तोच प्रकार. मग हात. मग धाकट्याने कोपरापर्यंत हात घालून खालून एक काडू, म्हणजे गांडूळ, वर काढलं, त्याच्याशी काहीतरी बोलला आणि परत ठेवलं. मग थोरलीने मेरेला पाडलेल्या वाटेतून पाणी खालच्या कुणग्यात जायला लागलं, तसा तिने तिथे बांध घातला. तो फुटला. पुन्हा घातला. पुन्हा फुटला. तिसऱ्या खेपेला तिने आधी काटक्या रोवल्या, त्याला पानं टेकवली, आणि मग चिखल थापला. तो टिकला. तिने वर पाहिलं, पण माझ्याकडे नाही, नुसतंच वर.

दुपारनंतर दवाखाना सुरू झाला. चिखलाचा एक लांबट गोळा, त्याला काटकीचे हात. आंब्याची डहाळी रोवून तिला वेलीचा तुकडा टांगलेला, ते सलाईन. थोरली डॉक्टर, कारण थोरलीच नेहमी डॉक्टर. ‘पेशंटला बोलता येत नाहीये. त्याच्यासमोर रडायचं नाही.’ धाकटा म्हणाला, ‘मग कुठे रडायचं?’ ‘बाहेर. बाकड्यावर.’ धाकटा उठला, दोन पावलांवर जाऊन बसला, खोटंखोटं रडला, परत आला. मग त्याने काही न सांगता पेशंटवर पंजा मारून त्याला सपाट केलं. ‘मेला.’ थोरली थिजली. मीही. दोन-तीन क्षण गेले असतील. मग त्याने तोच चिखल गोळा केला, दोन तळव्यांत वळला, पुन्हा काटक्या खोचल्या. ‘परत झाला.’ संध्याकाळपर्यंत पेशंट सात-आठ वेळा मेला आणि तितक्याच वेळा परत झाला. शेवटी शेवटी थोरलीही त्याला मारायला लागली.

मी आत बसून पोरांना ज्या शब्दापासून पाच दिवस राखत होते, तो ती दोघं बाहेर हातात घेऊन मळत होती.

फार वर्षांपूर्वी कुठेतरी वाचलेलं मला तेव्हा आठवलं. कोपनहेगनच्या एमड्रुप भागात १९४३ साली, डेन्मार्क जर्मन फौजांच्या ताब्यात असताना, सोरेन्सन नावाच्या उद्यानरचनाकाराच्या कल्पनेतून मुलांसाठी एक मैदान उघडलं. त्यात झोके नव्हते, घसरगुंड्या नव्हत्या. माती, फळ्या, विटा, दोऱ्या, खिळे, हातोड्या आणि लक्ष ठेवायला एक मोठा माणूस. आपण आखून दिलेल्या देखण्या बागांपेक्षा मुलं बांधकामाच्या ढिगाऱ्यात आणि भंगारात जास्त रमतात, हे त्याने आधीच हेरलं होतं. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये इंग्लंडच्या लेडी अ‍ॅलन यांनी ते मैदान पाहिलं आणि लंडनमध्ये बॉम्ब पडून उद्ध्वस्त झालेल्या जागांवर तशीच मैदानं उभी करायचा ध्यास घेतला. मोडलेल्या घरांच्या जागी पोरं फळ्या ठोकून घरं बांधत होती. वाचलं तेव्हा मला त्यातली गंमत कळली होती. आमच्या कुणग्याच्या मेरेवर बसून कळलं ते वेगळं होतं: शत्रू दारात असताना कोणाला तरी वाटलं की पोरांच्या खेळण्याचं बघू या, आणि बाकीच्यांनी त्याला वेड्यात काढलं नाही.

आमच्याकडे काढलं. नवऱ्याच्या आत्याबाई सहाव्या दिवशी सावंतवाडीहून आल्या. दोन्ही पोरं त्या वेळी नखशिखान्त राखाडी होऊन दारात उभी. आत्याबाई उंबऱ्यातच थबकल्या. ‘घरात काय चाललंय, आणि पोरं चिखलात लोळतायत? कोणी बघितलं तर काय म्हणेल?’ नजर पोरांवर, बोलणं मला. मला काही सुचेना. कारण खरं सांगायचं तर मलाही आतून तेच वाटत होतं. माणूस मरणाच्या दारात असताना त्याच्या नातवंडांनी कसं दिसावं याचं एक चित्र आपल्या डोक्यात पक्कं असतं. केस विंचरलेले, हात जोडलेले, देवापुढे बसून ‘आजोबांना बरं कर’ म्हणणारी. आपलं दुःख आपल्याला पेलत नाही म्हणून त्याचा थोडा भाग आपण पोरांच्या चेहऱ्यावर लावून बघतो. तो तिथे बसला नाही की चिडतो.

उत्तर सासूबाईंनी दिलं. त्या जपमाळ घेऊन खुर्चीत बसल्या होत्या, त्यांनी मान वरही केली नाही. ‘तेंका हसांदेत, वन्सं. रडाक आमी आसंव.’

मग त्या उठल्या, आत गेल्या, आणि आप्पांचे दोन जुने शर्ट घेऊन आल्या. कॉलर विरलेले, शेतात घालायचे. ‘उद्यापासून ही शर्टां घाल तेंका. तुझे कपडे तरी वाचतले.’ तोवर बनियनचं जे व्हायचं ते झालं होतं. अंगणातल्या लाल चिखलात त्याने घसरगुंडी केली होती. दुसऱ्या दिवसापासून आप्पांचे शर्ट घातलेली दोन बुटकी माणसं कुणग्यात फिरायला लागली. बाह्या दुमडून दुमडून दंडावर जाड वळकट्या झालेल्या. सासूबाई पडवीतून बघत बसायच्या. एकदा मला म्हणाल्या, लांबून बघितलं की क्षणभर तेच खाली वाकलेत असं वाटतं. नंतर बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर हे सगळं फारच गोड होईल. मला चिखल सुंदर वाटतो, कारण मी त्यात कधी आठ तास वाकून उभी राहिले नाही. सासूबाईंनी चाळीस वर्षं लावणी केली. काकी अजून करतात. संध्याकाळी त्या आमच्या पडवीत टेकल्या की पायाची बोटं फाकवून बसत, कारण बेचक्यांत चिखल्या झालेल्या. पांढरी, भिजून सुटलेली कातडी, मध्ये लाल भेगा, त्यावर करंजेल तेल. ‘माका नको सांगा चिखलाची मजा,’ असं त्या म्हणाल्या असत्या तर मी काय उत्तर देणार होते? पण त्या म्हणाल्या नाहीत. उलट, लहानपणी लावणीच्या वेळी बायका पोरांना कुणग्यात सोडून द्यायच्या कारण सांभाळायला घरी कोणी नसायचंच, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे मी जे थकून केलं ते त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या गरजेपोटी चालत आलं होतं. त्याला कोणी नाव दिलं नव्हतं.

आणि भीतीही खोटी नव्हती. पावसाळ्यात आमच्या भागात लेप्टोची धास्ती असते. उंदरांच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात जंतू येतात आणि पायाच्या जखमेतून शिरतात. त्यामुळे रोज सकाळी दोघांना बाकावर बसवून मी पाय तपासायचे. नखापाशी, टाचेला, बोटांमध्ये. धाकट्याला एक दिवस अंगठ्याला ओरखडा होता, तर त्याला दिवसभर कोरड्यात बसवलं. त्याने केलेला आकांत बांबोळीपर्यंत ऐकू गेला असेल. धनुर्वाताची लस झालेली आहे ना, हे पुण्याला मैत्रिणीकडून कपाटातली फाइल काढवून बघून घेतलं. गवताच्या बांधावर आणि दगडांच्या गडग्यापाशी जायचं नाही, कारण तिथे फुरसं, विषारी साप. कुणग्याच्या मधोमध काय ते खेळा. या बाबतीत मी अजिबात उदार नव्हते.

फिनलंडमधला एक प्रयोग मी नंतर वाचला. २०२० साली प्रसिद्ध झालेला. तिथल्या काही पाळणाघरांच्या खडीच्या अंगणात त्यांनी जंगलातली जमीन आणि हिरवळ आणून अंथरली. मुलं रोज त्यात खेळली. २८ दिवसांत त्यांच्या त्वचेवरच्या जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तात प्रतिकारशक्तीच्या दृष्टीने चांगले बदल दिसले. तीन ते पाच वर्षांची ७५ मुलं होती, म्हणजे प्रयोग काही फार मोठा नाही. मला त्याचा उपयोग एवढाच झाला की पुढे आत्याबाईंनी एका लग्नात तो विषय पुन्हा काढला तेव्हा मी ‘फिनलंड’ असं म्हणू शकले. त्या गप्प बसल्या. त्यांना पटलं म्हणून नव्हे. त्यांना फिनलंड कुठे आहे ते माहीत नव्हतं आणि विचारायचंही नव्हतं.

त्याच दिवसांत आषाढी एकादशी आली. दुसऱ्या दिवशी फणसाखाली नवऱ्याचा फोन आला तेव्हा तो आकडे सांगायचं विसरला. आप्पांच्या शेजारच्या खाटेवर माशेलचे एक गृहस्थ होते, त्यांचा भाऊ सोबतीला. तो भाऊ सकाळपासून खिडकीपाशी येरझाऱ्या घालत होता. माशेलला देवकीकृष्णाच्या देवळासमोर त्या दिवशी चिखलकाला असतो. भजन होतं, मग बापये अंगाला तेल चोपडून पावसाने भरलेल्या मैदानात उतरतात आणि लहान मुलांचे खेळ खेळतात, लोळतात, एकमेकांना ओढतात. बाळकृष्णाने सवंगड्यांबरोबर खेळला तोच खेळ, असं मानतात. देवळात तर आईही आहे, देवकी. हा भाऊ लहानपणापासून एकही काला चुकला नव्हता. नवरा म्हणाला, ‘पन्नाशीचा माणूस गं. रडत नव्हता, पण दर दहा मिनिटांनी म्हणायचा, आता उतरले असतील. आता लोळत असतील.’ मग थोडा वेळ गप्प राहून त्याने विचारलं, ‘आपली काय करतायत?’

मी म्हटलं, ‘लोळतायत.’

तो हसला. मला वाटतं हसलाच. रेंज जात-येत होती.

लावणी मात्र कोणासाठी थांबत नाही. तरवा, म्हणजे भाताची रोपं, जून झाला की फुटवे कमी येतात. आठव्या दिवशी वाडीतली माणसं न बोलावता आली. आप्पा असते तर मेरेवर उभे राहून प्रत्येकाची ओळ वाकडी आहे म्हणून सांगितलं असतं. पोरांना कुणग्यातून बाहेर काढलं, तेव्हा त्यांनी भांडून आपला एक कोपरा राखून घेतला. सतरंजीएवढा. बाकी सगळं शेत दुपारपर्यंत हिरवं झालं आणि तेवढा एक राखाडी चौकोन शिल्लक राहिला. काकींनी जाता जाता थोरलीच्या हातात तरव्याची एक मूठ दिली. तिने ती चौकोनाच्या कडेने लावली. ओळ वाकडी होती.

मला स्वतःला त्या दिवसांतलं सगळ्यात जास्त काय आठवतं, तर संध्याकाळची न्हाणी. न्हाणीत तांब्याचं भाण चुलीवर बसवलेलं, खाली माडाच्या चुडता आणि सोडणं जळत असलेली, धूर डोळ्यांत. दगडावर एकेकाला उभं करायचं. आधी थंड पाण्याचे दोन तांबे, जाड थर उतरवायला. मग कढत पाणी. मानेच्या मागे, कानांच्या पाळ्यांमागे, नाकपुड्यांत, बेंबीत, कुठे कुठे चिखल सापडायचा. केसांत तर वाळून त्याच्या बारीक गोळ्या झालेल्या, त्या बोटांनी एकेक मोडायच्या. मी घासत राहायचे आणि पोरं बडबडत राहायची. दिवसभरात ती माझ्याशी जे बोलत नव्हती ते तिथे बोलायची, पाठ माझ्याकडे असताना. थोरलीने आजोबांबद्दल पुन्हा विचारलं ते त्या दगडावरच. मी तिच्या पाठीला साबण लावत होते. ‘मला माहीत नाही गं,’ मी म्हटलं. ‘मरू शकतात. डॉक्टरांनाही माहीत नाही.’ तिने ‘हं’ केलं. मग म्हणाली, ‘डोळ्यांत साबण जातोय.’

आणि मग पाणी स्वच्छ व्हायला लागायचं. आधी राखी, मग ताकासारखं, मग नुसतं पाणी. ते पाटातून माडाच्या आळ्यात जायचं. पंधरा मिनिटांपूर्वी ओळखू न येणारं पोर लालबुंद, वाफाळलेलं, माझ्या पदरात उभं. दिवसभरात मी हातात घेतलेल्या कामांपैकी तेवढं एकच पूर्ण व्हायचं. बाकी सगळं ‘बघू’, ‘चोवीस तास जाऊ देत’, ‘रिपोर्ट आल्यावर’ असं लोंबकळत असायचं. अंथरूण ओलं होणं कधी थांबलं ते मी मोजलं नाही. एके सकाळी गोधडी वाळत घालायची नाही हे लक्षात आलं, इतकंच.

आप्पा सतराव्या दिवशी घरी आले. उजवी बाजू लुळी, तोंड किंचित वाकडं, आणि भाषा गेलेली. पूर्ण नाही. डाव्या मेंदूला मार बसला की कधी कधी एखादाच शब्द मागे उरतो आणि माणूस सगळ्यासाठी तोच वापरतो. आप्पांकडे ‘व्हय’ उरला होता. पाणी हवं? व्हय. नको? व्हय. दुखतंय का? व्हय. आम्ही मोठी माणसं त्या ‘व्हय’पुढे पार गांगरून जायचो. आवाज वाढवून विचारायचो, हातवारे करायचो, मग एकमेकांकडे बघायचो. आत्याबाई तर पदर तोंडाला लावून आतच गेल्या.

दुसऱ्या दिवशी आप्पांना पडवीत आरामखुर्चीत बसवलं. समोर लावलेला मळा, आणि त्यात तो राखाडी चौकोन. पोरं आपापल्या शर्टांत खाली होती. आप्पांची नजर तिथे बराच वेळ थांबली. शर्टांवर होती की चौकोनावर, कोण जाणे. थोड्या वेळाने धाकटा पायऱ्या चढून वर आला. दोन्ही हातांवर पान, पानावर चिखलाची थापलेली भाकरी, मध्ये अंगठ्याने पाडलेला खळगा, त्यात लाल मातीची चटणी. तो आजोबांच्या गुडघ्यापाशी उभा राहिला.

‘आजोबा, भाकरी खाणार?’

‘व्हय.’

धाकट्याने भाकरीकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं. त्याला काहीतरी उमगत गेलेलं चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. ‘चिखलाची आहे हां.’

‘व्हय.’

‘अजून एक आणू?’

‘व्हय.’

‘गांडूळ घालून?’

‘व्हय!’ आप्पांचं अर्धं तोंड हललं, आणि खांदे गदगदायला लागले. धाकटा किंचाळत पायऱ्या उतरला, ‘ताई, आजोबा गांडूळ खाणार म्हणतायत!’ आणि आतून सासूबाई ओरडल्या, ‘मेल्या, आधी तेंका पेज तरी जेवांदे!’